शिक्षक शाळा का सोडतात? पगार हे अर्धंच उत्तर

‘पगार कमी, पोरं व्रात्य, म्हणून शिक्षक टिकत नाहीत,’ असं सर्रास ऐकू येतं. पगार महत्त्वाचा आहेच. पण न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांत वेतनश्रेणी शहरभर एकच. तरी एक शाळा शिक्षक गमावते, दुसरी टिकवते. का? तिथल्या नवशिक्षकांवरचा संशोधक डोनाल्ड बॉइड व सहकाऱ्यांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांचं वागणं, सहकारी, इमारत असं बरंच काही त्यांनी ताडून पाहिलं. राहायचं की जायचं, यावर सर्वांत जास्त प्रभाव दिसला शाळेच्या प्रशासनाबद्दलच्या मताचा. म्हणजे साध्या गोष्टी: चिडलेल्या पालकांसमोर मुख्याध्यापक पाठीशी उभे राहतात का? वर्गात येऊन उपयोगाचं काही सांगतात, की (आपल्या ओळखीचं दृश्य) टाचणवहीवर लाल शेरा मारून निघून जातात?