ब्रिस्टल बेमधील साल्मन मासेमारीचे व्यवस्थापन

अलास्काच्या नैर्ऋत्येला असलेल्या ब्रिस्टल बे या उपसागरात जून-जुलैमध्ये सॉकआय साल्मनची जगातील सर्वांत मोठी मासेमारी चालते. 2022 मध्ये तेथे सुमारे 7.9 कोटी सॉकआय परतले आणि त्यांपैकी 6 कोटींच्या आसपास पकडले गेले. या मासेमारीवर राज्याच्या मत्स्य व शिकार विभागाचे जीवशास्त्रज्ञ देखरेख ठेवतात. (आपल्याकडे ‘इंडियन साल्मन’ म्हणून विकला जाणारा रावस हा निराळ्याच कुळातला मासा आहे.)

सॉकआय गोड्या पाण्यात जन्मतो, सहसा एक-दोन वर्षे तळ्यात आणि दोन-तीन वर्षे समुद्रात काढतो, मग जन्मनदीत परतून अंडी घालतो आणि मरतो. म्हणून येथे पकडीचा कोटा आधी ठरत नाही. आधी ठरते ते जाळ्यांतून सुटून नदीत वर जायला हवेत अशा माशांचे प्रमाण. त्याला एस्केपमेंट म्हणतात. क्विजॅक नदीसाठी ते 20 लाख ते 1 कोटी, तर नॅकनेक आणि एगेगिक या नद्यांसाठी प्रत्येकी 8 ते 20 लाख आहे. उरलेले मासे कोळ्यांचे. वरची मर्यादाही कामाची असते, कारण अंडी घालणारे फार झाले की तळ्यातील सूक्ष्म प्राणी पिल्लांना पुरत नाहीत, पिल्ले लहान राहतात आणि पुढची पिढी रोडावते.

मोजणी अगदी साधी आहे. स्वच्छ पाण्याच्या नद्यांत दोन्ही काठांवर मचाण उभारतात. निरीक्षक दर तासाला प्रत्येक काठावर 10 मिनिटे वर जाणारे मासे मोजतो आणि आकड्याला 6 ने गुणतो. हे रात्रंदिवस चालते. साल्मन काठ धरून पोहत असल्याने ही पद्धत जमते. नुशागॅक नदीचे पाणी गढूळ, म्हणून तिथे ध्वनिलहरींनी मासे टिपणारे सोनार यंत्र लावतात. वारा सुटून पाण्यावर लाटा उठल्या की मचाणावरून मासा दिसत नाही, मग मधल्या तासांचा आकडा अंदाजाने भरावा लागतो.

खरी अडचण उशिराची. क्विजॅकचे मचाण नदीच्या उगमाकडे, इगियूगिग गावाजवळ आहे. मुखातून निघालेला मासा तिथे पोहोचेपर्यंत काही दिवस जातात, आणि हंगामाचा भर तर जुलैच्या सुरुवातीचे जेमतेम दोन आठवडे. म्हणून माशांच्या समुद्रातील वाटेवरच्या पोर्ट मोलर येथे आधीच चाचणी-जाळी टाकतात. तिथून मासा उपसागरात यायला साधारण आठवडा लागतो. खवल्यांवरील वलयांवरून वय आणि जनुकीय तपासणीवरून नदी ओळखतात. गेल्या वर्षी लहान वयाचे मासे भरपूर परतले असतील, तर त्यांच्याच पिढीचे, समुद्रात एक वर्ष जास्त राहिलेले मासे यंदा बरे येतील, असा हिशेब असतो. तो चुकतोही. म्हणून हंगामापूर्वीच्या अंदाजापेक्षा रोजच्या मोजणीला जास्त वजन दिले जाते.

उपसागराचे पाच विभाग आहेत आणि आणीबाणीच्या आदेशाने प्रत्येक विभाग भरती-ओहोटी पाहून काही तासांसाठी उघडतात किंवा बंद करतात. रेडिओवरून आदेश सुटला की जाळी पडतात. महाराष्ट्रातील 1 जून ते 31 जुलै ही पावसाळी बंदी तारखेने ठरते. इथे तारीख नव्हे, वर गेलेला मासा ठरवतो. वाहत्या गिलनेटला (मासा कल्ल्यांपाशी अडकतो असे जाळे) 150 वाव (सुमारे 275 मीटर) आणि होडीला 32 फूट अशी मर्यादा आहे. वाहत्या जाळ्यांचे परवाने सुमारे 1,860. परवान्यांची संख्या 1970 च्या दशकात गोठवली गेली. पकडीची वाटणी कोणत्या जाळ्याला किती, हे राजकीय भांडण मत्स्य मंडळाकडे असते. जीवशास्त्रज्ञ त्यात पडत नाहीत, आणि कामांची ही विभागणीच व्यवस्थेची मोठी ताकद आहे.

हे सारे अपयशातून आले. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या अमलात साल्मन इतका घटला की 1959 मध्ये संपूर्ण अलास्कात सुमारे 2.5 कोटी मासेच मिळाले. अलास्का राज्य झाल्यावर मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्यांचे मासे-सापळे बंद झाले.

मिश्र साठ्यांचा, म्हणजे वेगवेगळ्या नद्यांचे वा जातींचे मासे एकत्र येण्याचा पेच मात्र सुटलेला नाही. क्विजॅकचा मासा कमी आणि नॅकनेकचा भरपूर असेल, तर होड्यांना नॅकनेक नदीच्या आत हलवून तिथेच मासेमारी करू देतात. नुशागॅकमध्ये तेही जमत नाही. तिथला किंग साल्मन (साल्मनची आणखी एक, मोठी जात) घटला आहे आणि तो सॉकआयच्या बरोबरीनेच वर येतो. जाळ्यांच्या आसांना (भोकांच्या आकाराला) कमाल मर्यादा घालून मोठे किंग काही अंशी वाचवता येतात. पण मासेमारी लवकर उघडली तर किंग अडकतो, उशिरा उघडली तर सॉकआय उद्दिष्टाच्या कितीतरी पलीकडे वर निघून जातो.