पिकांतील डीएनए प्रतिकृती व दुरुस्तीची जनुके ओळखणे

पेशी विभागण्याआधी डीएनएची नक्कल करणारी आणि डीएनएला झालेली इजा भरून काढणारी प्रथिने ज्या जनुकांवरून तयार होतात, ती जनुके पिकांच्या जीनोममध्ये (संपूर्ण डीएनए संचात) शोधून त्यांचे काम पक्के करण्याची शास्त्रीय पद्धत. वनस्पतीला उन्हातून बाजूला होता येत नाही. अन्न तयार करायला लागणाऱ्या उन्हातच अतिनील-बी किरणही असतात आणि ते डीएनएतील शेजारशेजारचे दोन पिरिमिडीन बेस (डीएनएच्या साखळीतील एका प्रकारचे घटक) एकमेकांना चिकटवून टाकतात. हा जोड (सीपीडी) वेळेत सुटला नाही, तर प्रतिकृती करणारे विकर तिथेच अडते. शिवाय वनस्पतीत जननपेशी सुरुवातीपासून वेगळ्या राखलेल्या नसतात. वाढत्या शेंड्यातील पेशींपासूनच पुढे फुले येतात, त्यामुळे शेंड्यात राहून गेलेली चूक बियाण्यात उतरू शकते.

ही जनुके जीवसृष्टीत फार जुनी आहेत, म्हणून शोधाची सुरुवात तुलनेने होते. यीस्ट, माणूस किंवा अराबिडॉप्सिस ही प्रयोगांत वापरली जाणारी छोटी वनस्पती यांतील माहीत असलेल्या प्रथिनाचा क्रम घेऊन त्याच्याशी जुळणारे क्रम पिकाच्या जीनोममध्ये संगणकाने धुंडाळतात. अराबिडॉप्सिसचा जीनोम २००० साली आणि भाताचा २००५ साली प्रसिद्ध झाल्यावर हे काम सोपे झाले. भाताच्या त्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात ११व्या गुणसूत्राच्या एका भागाचे वाचन भारतीय गटाने केले होते. तुलनेतून एकाच कामाच्या अनेक प्रतीही दिसतात. एकेरी डीएनएला धरून ठेवणाऱ्या आरपीए प्रथिनाच्या मोठ्या घटकाचे यीस्टमध्ये एकच जनुक आहे, भातात तीन आणि अराबिडॉप्सिसमध्ये पाच आहेत. गव्हात तर तीन पूर्वजांचे जीनोम एकत्र नांदतात, त्यामुळे एका जनुकाच्या साधारण तीन प्रती धरूनच चालावे लागते.

मात्र साधर्म्यावरून दिलेले नाव हा अंदाजच असतो. अराबिडॉप्सिसमध्ये १९९३ साली सापडलेले एक जनुक डीएनए दुरुस्त करणाऱ्या फोटोलायेजसारखे दिसत होते, पण त्याचे प्रथिन दुरुस्ती करत नव्हते. ते निळा प्रकाश ओळखणारे क्रिप्टोक्रोम निघाले. याच्या उलटही घडते. प्राण्यांत डीएनएच्या इजेनंतर पेशीला सावध करणारे पी५३ हे प्रथिन वनस्पतीत नाहीच, आणि ते काम करणारे एसओजी१ दिसायला अगदी निराळे आहे. ते क्रम जुळवून मिळाले नसते. गॅमा किरणांना नेहमीसारखा प्रतिसाद न देणाऱ्या उत्परिवर्तित रोपांवरून त्याचा माग लागला.

भातातील सीपीडी फोटोलायेजचा शोध या पद्धतीचा सर्वांत बोलका नमुना आहे. हे विकर निळ्या व अतिनील-ए प्रकाशाची ऊर्जा वापरून चिकटलेले बेस सोडवते. माणसात ते नाही. जपानी संशोधकांनी अतिनील किरण सोसणारे निप्पोनबारे आणि त्यांनी कोमेजणारे कासालाथ या वाणांचा संकर करून सहनशक्ती कोणत्या गुणसूत्रखंडासोबत चालते ते पाहिले. १०व्या गुणसूत्रावरील एका खंडाचा प्रभाव ठळक होता. दुसऱ्या पिढीतील १,८५० रोपे तपासून तो खंड २७ हजार बेस-जोड्यांपेक्षाही लहान केला, आणि त्यात फोटोलायेजचे जनुक सापडले. तरी ते तिथे थांबले नाहीत. निप्पोनबारेचे जनुक नाजूक रोपात घातल्यावर ते रोप निप्पोनबारेइतकेच सोशिक झाले, तेव्हाच २००५ साली निष्कर्ष मांडला गेला. फरक एका बेसचा होता.

सासानिशिकी आणि नोरिन १ या जपानी वाणांतही असाच भेद आहे. फोटोलायेजच्या १२६व्या जागी सोशिक सासानिशिकीत ग्लुटामिन हे अमिनो आम्ल असते, तर नाजूक नोरिन १मध्ये आर्जिनिन. भाताच्या सूर्यमुखी या भारतीय वाणात तोच बदल आहे, शिवाय २९६व्या जागी हिस्टिडीन आहे, आणि ते अतिनील किरणांना आणखीच हळवे आहे. केवळ ‘जनुक आहे’ अशी नोंद करणारी यादी या तिन्ही वाणांना सारखेच मोजेल. म्हणून पिकाच्या बाबतीत जनुकाची कोणती आवृत्ती वाणात आहे, हे पाहिल्याशिवाय ओळख पुरी झाली असे मानू नये.

चाचणीची आणखी एक सोपी रीत म्हणजे दुरुस्तीचे जनुक गमावलेल्या ई. कोलाय जिवाणूत पिकाचे जनुक घालणे. एरवी मरणारा जिवाणू किरणांखाली तगला, तर जनुकाचे काम सिद्ध होते. पिकात मात्र जनुक बंद करून रोपच पाहावे लागते.

पैदासकारांना या शोधांचा थेट उपयोग आहे. आरईसीक्यू४ हे विकर जननपेशी तयार होताना गुणसूत्रांच्या तुकड्यांची होणारी अदलाबदल आवरून धरते. ते बंद केल्यावर भात, वाटाणा आणि टोमॅटोत अदलाबदल सुमारे तिप्पट झाल्याचे २०१८ साली दिसले. चांगल्या गुणाला चिकटून येणारा वाईट गुण वेगळा करायला ही वाढ कामी येते. मुंबईत ट्रॉम्बे येथील भाभा अणु संशोधन केंद्राने किरणोत्साराच्या साह्याने भुईमुगाचे टीएजी-२४ सारखे वाण घडवले, तेही दुरुस्तीच्या जनुकांशीच जोडलेले आहे. किरण डीएनए तोडतात, पण त्या जागी कोणता बदल कायम राहील हे तुटलेली टोके जोडणाऱ्या केयू७०, केयू८० आणि लायगेज ४ यांसारख्या प्रथिनांच्या कामावर बरेचसे ठरते.