पाय उचलायचा की जमीन हाणायची?

यावल–चोपडा रस्त्यावर पहाटे पाचला केळीच्या ट्रकांपेक्षा पळणारी पोरंच जास्त भेटतात. पोलीस भरती निघालेली असो वा नसो, पोरं पळत असतात. त्यातलाच एक माझा पुतण्या. शंभर मीटरला त्याला १२.६ सेकंद लागतात. पैकीच्या पैकी गुण हवे असतील तर ११.५० मध्ये यायला हवं. 'पाय पटापट उचल' हा सल्ला त्याला गावातल्या प्रत्येकाने दिलाय, एसटी पकडण्यापलीकडे आयुष्यात कधी न धावलेल्यांनीसुद्धा. सोबतची पोरं कडेला उभी राहून ओरडतात, "पय रे भो, पय!" (अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो. पळताना तेवढंच ओझं कमी.)

मार्चमधल्या एका सकाळी मी मोबाइलवर त्याचा स्लो मोशन व्हिडिओ काढला. सेकंदाला २४० चित्रं. मग ओट्यावर बसून एकेक चित्र सरकवत मोजत गेलो. शंभर मीटरला पावलं ५१. पूर्ण वेगात असताना पाय टेकल्यापासून सुटेपर्यंत ३० चित्रं, आणि पुढचा पाय टेकेपर्यंत अंग हवेत, ती २८ चित्रं.

हे आकडे आता उसेन बोल्टच्या शेजारी ठेवू. बर्लिन, १६ ऑगस्ट २००९, ९.५८ सेकंद, सुमारे ४१ पावलं. भागाकार केला तर बोल्टची सेकंदाला ४.२८ पावलं पडली, पुतण्याची ४.०५. फरक जेमतेम साडेपाच टक्क्यांचा! म्हणजे पाय उचलण्यात आमचा गडी जगज्जेत्याच्या फार मागे नाही. मार खातो तो पावलाच्या लांबीत. बोल्टचं पाऊल सरासरी २.४४ मीटर, याचं १.९६. बोल्ट १.९५ मीटर उंच, हा साडेपाच फूट, तेव्हा थोडी सूट द्यायला हवी. पण नुसत्या उंचीने हा हिशेब मिटत नाही.

अमेरिकेतले धावण्याचे अभ्यासक पीटर वेयंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली हेच नीट मोजून दाखवलं. त्यांनी कमी-जास्त वेगाची ३३ माणसं ट्रेडमिलवर जीव खाऊन पळवली. हवेतला पाय मागून पुढे आणायला संथ आणि वेगवान दोघांनाही जवळपास सारखाच वेळ लागत होता. फरक होता तो जमिनीला किती जोराने रेटतात यात.

हा जोर किती, ते माझ्या ३० आणि २८ चित्रांवरूनही काढता येतं, म्हणून मला हा भाग फार आवडतो. पळणारा माणूस अर्धा वेळ हवेत असतो, पण गुरुत्वाकर्षण त्याला तेवढ्यापुरती सुट्टी देत नाही. हवेत असतानाची सगळी बाकी पाय टेकलेला असताना चुकती करावी लागते. एका पावलाला एकूण ५८ चित्रं, त्यातली जमिनीवरची फक्त ३०. म्हणजे त्या ३० चित्रांत सरासरी ५८ भागिले ३०, वजनाच्या १.९ पट जोर लागणारच. पोरगा साठ किलोचा. दर पावलाला एका पायावर ११५ किलोचा भार, म्हणजे पाठीवर सिमेंटची एक गोणी घेऊन एका पायावर उभं राहण्यासारखं. अव्वल धावपटूंचा पाय जमिनीवर राहतो सुमारे ०.०९ सेकंद, माझ्या मोजणीने २२ चित्रं. त्यांच्या वाट्याला वजनाच्या अडीचपट भार येतो. हे सरासरीचं झालं. पाय आपटतो त्या क्षणाला भार याच्याही बराच वर जातो.

पण मग पाय जमिनीवर जास्त वेळ का ठेवू नये? ठेवता येत नाही. पाय टेकलेला असताना अंग साधारण मीटरभर पुढे सरकतं. पायाची लांबीच तेवढी, त्यापुढे पाय सुटतोच. वेग वाढला की तो मीटर लवकर संपतो. बोल्टने ६० ते ८० मीटरचा टप्पा १.६१ सेकंदात काढला, म्हणजे ताशी ४४.७ किलोमीटर. या वेगाला मीटरभर अंतर ०.०८ सेकंदात सरतं. स्नायूला पूर्ण ताकद लावायला याहून जास्त वेळ लागतो. ताकद अंगात असते, पण ती बाहेर येईपर्यंत जमीन पायाखालून निघून गेलेली असते. माणसाचा वेग अडतो तो इथे.

हे सिद्ध करायला वेयंड यांच्या गटाने २०१० मध्ये चक्क लंगडी घातली. लोकांना ट्रेडमिलवर एका पायावर उड्या मारत पळायला लावलं आणि जोर मोजला. धावण्यापेक्षा लंगडीत जमिनीवर तीस टक्के किंवा त्याहूनही जास्त जोर पडत होता, कारण लंगडीत पाय जास्त वेळ टेकलेला असतो. म्हणजे हाडं आणि स्नायू याहून जास्त सोसायला तयार आहेत; कमी पडतो तो वेळ. स्नायू जितक्या झपाट्याने आकसू शकतात तितक्या झपाट्याने सगळा जोर जमिनीत उतरला, तर ताशी ५६ ते ६४ किलोमीटरपर्यंत जाता येईल असा त्यांचा अंदाज. मला हा आकडा कागदावरचाच वाटतो.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जीवशास्त्रज्ञ मार्क डेनी यांनी २००८ मध्ये दुसऱ्या वाटेने हिशेब केला. त्यांनी कुत्र्यांच्या, घोड्यांच्या आणि माणसांच्या शर्यतींच्या जुन्या नोंदी काढल्या. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याची सात पिढ्यांची वंशावळ तोंडपाठ सांगणारे भेटतात. रेसच्या घोड्यांचं जगही असंच, वेगवान घोड्याला वेगवान घोडी. तरी केंटकी डर्बी या अमेरिकेतल्या नामांकित घोडशर्यतीचा विक्रम १९७३ साली सेक्रेटेरिएट या घोड्याने केला तो आजही तसाच आहे. निवडून निवडून पैदास करूनही वेग एका जागी येऊन थांबला. माणसाबद्दल डेनींचा अंदाज होता, शंभर मीटरला ९.४८ सेकंद. पुढच्याच वर्षी बोल्टने ९.५८ काढले. उरलेला दशांश सेकंद अजून कुणी खाल्लेला नाही.

हे सगळं ऐकून पुतण्याने एवढंच विचारलं, "काका, मग उद्या सकाळी करू काय?" त्याने पाय पटापट उचलण्याचा नाद सोडला आणि पाटाच्या कडेच्या मऊ मातीत आठवड्यातून तीन दिवस एका पायावर उड्या सुरू केल्या. येणारे-जाणारे हसले. जूनमध्ये पहिला पाऊस पडायच्या आधी पुन्हा व्हिडिओ काढला. जमिनीवर २८ चित्रं, वेळ १२.३. मी बावीसचं स्वप्न रंगवत होतो. त्याने मोबाइल माझ्या हातातून घेतला, स्टॉपवॉच शून्यावर आणलं आणि म्हणाला, "ते राहू द्या. अजून आठ दशांश."