उपयोजित गणितात एम.एस्सी.: मराठवाड्यातील विद्यार्थ्यांसाठी प्रवेशाचे मार्ग आणि कागदपत्रे

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातील ज्या विद्यार्थ्यांना उपयोजित गणितात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे आहे, त्यांच्यासमोर मुख्यतः दोन वाटा असतात. पहिली वाट राज्य विद्यापीठांची. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे जिल्हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या, तर नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे जिल्हे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात जाणाऱ्याला स्थलांतर प्रमाणपत्र लागते. ते मूळ विद्यापीठाकडून मिळण्यास वेळ लागू शकतो, म्हणून अंतिम निकाल लागताच त्यासाठी अर्ज करावा.

दुसरी वाट राष्ट्रीय परीक्षांची आहे. आयआयटी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी ‘जॅम’ ही पदव्युत्तर अभ्यासक्रमांची संयुक्त प्रवेश परीक्षा असून तिचे अर्ज साधारणपणे सप्टेंबरमध्ये सुरू होतात व परीक्षा फेब्रुवारीत होते. उपयोजित गणिताची स्वतंत्र प्रश्नपत्रिका नसल्यामुळे गणिताचीच निवडावी लागते. 3 तासांत 60 प्रश्न आणि 100 गुण असे तिचे स्वरूप असून, ऋण गुण फक्त एकच अचूक पर्याय असलेल्या प्रश्नांना आहेत. अंतिम वर्षाचे विद्यार्थी परीक्षेला बसू शकतात, वयाची अट नाही. मात्र पदवीला गणित किती सत्रे असावे आणि किमान किती टक्के गुण हवेत, हे प्रत्येक संस्था अभ्यासक्रमनिहाय ठरवते, त्यामुळे बी.एस्सी.ला गणित मुख्य विषय नसलेल्यांनी ही अट अर्ज भरण्याआधीच वाचावी. केंद्रीय विद्यापीठांसाठी ‘सीयूईटी पीजी’ ही वेगळी परीक्षा आहे.

अनेक अर्ज गुणांवर नव्हे, तर आरक्षणाच्या कागदांवर अडतात, म्हणून तिकडे अधिक लक्ष द्यावे. राज्यात चालणारे प्रमाणपत्र केंद्रीय संस्थेत चालेलच असे नाही. इतर मागास प्रवर्गातील विद्यार्थ्याकडे राज्याचे नॉन-क्रिमिलेअर असले, तरी आयआयटीत केंद्राच्या विहित नमुन्यातील, चालू आर्थिक वर्षाचे प्रमाणपत्र मागतात आणि आपली जात केंद्राच्या यादीत असणेही आवश्यक असते. राज्याचा एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) प्रवर्ग केंद्रीय प्रवेशात नाही. केंद्रीय नमुन्याचा दाखला हवा आहे, हे सेतू केंद्रावर स्पष्टपणे सांगावे, अन्यथा नेहमीचाच दाखला हाती पडतो.

दहावीच्या गुणपत्रिकेतील नाव आणि आधारवरील नाव जुळते का, हेही तपासावे. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते आणि आधारवर शेवटी, शिवाय वडिलांच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक सापडतो. आधार दुरुस्ती परीक्षेच्या अर्जाआधीच उरकलेली बरी.

जॅमचा निकाल म्हणजे प्रवेश नव्हे. निकालानंतर आयआयटींसाठी ‘जोआप्स’ या जॅमच्या प्रवेश-अर्जाच्या संकेतस्थळावर पसंतीक्रमासह वेगळा अर्ज करावा लागतो. नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या एनआयटींच्या जागांसाठी हेच गुण चालतात, परंतु तेथे ‘सीसीएमएन’ या एम.एस्सी.च्या केंद्रीभूत समुपदेशन प्रक्रियेची नोंदणी निराळी असते. जोआप्समध्ये जागा मिळाल्यावर ती कायम ठेवणे, ती स्वीकारून वरच्या पसंतीची वाट पाहणे किंवा नाकारून प्रक्रियेबाहेर पडणे, असे पर्याय असतात. दिलेल्या मुदतीत उत्तर व शुल्क न भरल्यास जागा जाते. सर्व फेऱ्या संपेपर्यंत गावाकडच्या विद्यापीठातील अर्जही चालू ठेवावा. मात्र प्रवेश नंतर रद्द केल्यास शुल्क कोणत्या तारखेपर्यंत परत मिळते, हे तेथे प्रवेश घेण्यापूर्वी विभागात विचारून घ्यावे.