धडधडीचा नकाशा

अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या मोकळ्या निघाल्या आणि तरीही डॉक्टरांनी कागदावर 'ई.पी. स्टडी' (हृदयातील विजेच्या वाटांची तपासणी) असे लिहून दिले, की गुहागर-दापोलीकडच्या घरांत पहिला प्रश्न विचारला जातो तो असा : ब्लॉकेज नाही, तर पुन्हा मुंबई कशाला? या प्रश्नामागचा गैरसमज असा, की हृदयाचा आजार म्हणजे नळ तुंबणे. वास्तविक हृदयाला रक्ताच्या नळांइतकीच विजेच्या वाटांचीही गरज असते आणि अँजिओग्राफीत त्या वाटा दिसत नाहीत.

उजव्या अलिंदाच्या, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्याच्या, वरच्या भागातील पेशींचा एक लहानसा पुंजका प्रत्येक ठोक्याचा संदेश सोडतो. कीथ आणि फ्लॅक यांनी 1907 मध्ये त्याचे वर्णन केले. हा संदेश दोन्ही अलिंदांत पसरतो, वरच्या व खालच्या कप्प्यांमधल्या गाठीपाशी सुमारे दशांश सेकंद रेंगाळतो आणि मग निलयांत, म्हणजे खालच्या कप्प्यांत, उतरतो. काहींच्या या गाठीपाशी जन्मतःच दोन वाटा असतात : एक जलद, पण एकदा संदेश गेल्यावर पुन्हा सज्ज व्हायला वेळ घेणारी; दुसरी संथ, पण लवकर सज्ज होणारी. एखादा ठोका अवेळी आला, तर जलद वाट बंद असल्याने तो संथ वाटेने खाली उतरतो आणि तेवढ्यात जलद वाट मोकळी झालेली असल्याने तिच्यातून उलटा वर चढतो. वर पोचेपर्यंत संथ वाट पुन्हा सज्ज असते. अशा रीतीने संदेश भोवऱ्यासारखा फिरू लागतो आणि नाडी एकदम मिनिटाला दीडशे-दोनशेवर जाते. एका जागी जरी तो अडखळला, तरी धडधड बटण दाबल्यासारखी थांबते. अशा वेळी भगताने नुकताच लावलेला अंगारा श्रेय घेऊन जातो. त्याने तोंडावर थंड पाण्याचा हबका मारला असेल, तर श्रेय पाण्याला देता येईल, कारण त्यामुळे मेंदूकडून येणारी व्हेगस चेता चेतवली जाऊन मधली गाठ मंदावते.

या वाटांचा नकाशा काढण्याची रीत खाडीकाठच्या माणसाला सहज उमगावी. दाभोळच्या खाडीत भरती मुखाशी आधी चढते आणि गोवळकोटला उशिरा पोचते. प्रत्येक धक्क्यावर पाणी चढू लागल्याची वेळ टिपली आणि सारख्या वेळेचे धक्के एकाच रंगाने रंगवले, तर समुद्र न पाहताही पाणी कोणीकडून आले ते सांगता येईल. हृदयात हेच काम कॅथेटरचे, म्हणजे शिरेतून आत सरकवलेल्या बारीक तारेचे, टोक करते. टेबलाखालच्या सौम्य चुंबकीय क्षेत्रामुळे टोकाची जागा संगणकाला कळते, टोकाला स्पर्श झालेल्या प्रत्येक बिंदूवर संदेश कोणत्या मिलिसेकंदाला पोचला ते नोंदले जाते, आणि पडद्यावर हृदयाची रंगीत आकृती उभी राहते, ज्यात बहुधा लाल म्हणजे सर्वांत आधी व जांभळा म्हणजे सर्वांत उशिरा. वर सांगितलेल्या दोन वाटांच्या विकारात पुष्कळदा विद्युत नोंदींवरच भागते; रंगीत नकाशाचा खरा उपयोग अलिंदातील गुंतागुंतीच्या विकारांत होतो.

रुग्णाला तपासणीपूर्वी सुमारे सहा तास उपाशी ठेवतात. लयीवरची औषधे डॉक्टर काही दिवस आधी बंद करायला सांगतात, कारण ती चालू असली तर धडधड पकडता येत नाही. मात्र रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. जांघ बधिर करून शिरेतून सुमारे दोन मिलिमीटर जाडीच्या तारा आत सरकवतात. हृदयात तार फिरताना जाणवत नाही. जाणवते ती मुद्दाम सुरू केलेली धडधड. घरी ज्या धडधडीने घाबरवले, तीच इथे जागेपणी पुन्हा अनुभवावी लागते आणि हे आधी ठाऊक नसलेला माणूस टेबलावर घाबरतो. दोषी जागा सापडली, तर बहुधा त्याच बैठकीत रेडिओ-लहरींनी ती पन्नास अंशांच्या वर तापवून निकामी करतात. त्या वेळी छातीत भाजल्यासारखे वाटू शकते. मधली गाठ जवळच असल्याने क्वचित तिला इजा होऊन पेसमेकर बसवावा लागतो, हा धोका संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी विचारून घ्यावा.

नंतर काही तास पाय सरळ ठेवून पडून राहावे लागते. जांघेत काळानिळा डाग पडणे नेहमीचे, पण तेथे सूज वाढू लागली किंवा रक्त आले तर जागेवर दाबून धरून तत्काळ डॉक्टरांना गाठावे. एस.टी.ने घाट उतरून घरी कधी निघायचे, हेही त्यांनाच विचारावे.

आणि तपासणीला जाताना एक कागद अवश्य न्यावा : धडधड चालू असतानाच गावच्या आरोग्य केंद्रात काढलेला ईसीजी. त्याचा कागद उष्णतेने उमटणारा असेल, तर काही महिन्यांत रेषा पुसट होतात. म्हणून मिळाल्या दिवशीच त्याची झेरॉक्स काढून ठेवावी.