इन्क्लूड म्हणजे नुसतं चिकटवणं नव्हे

पीएचपी ही वेबसाइट बनवायची भाषा शिकवणाऱ्या व्हिडिओंत एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘इन्क्लूड म्हणजे दुसऱ्या फाइलचा मजकूर इथे आणून चिकटवणं.’ सी भाषेपुरतं ते बरोबर आहे. तिथे प्रीप्रोसेसर नावाचा भाग, प्रोग्राम कंपाइल होण्याआधीच, म्हणजे यंत्राला चालवता येईल अशा रूपात बदलण्याआधीच, हेडर फाइलचा मजकूर त्या ओळीच्या जागी घालतो. पीएचपीत मात्र ते अर्धंच खरं.

समजा, एका फाइलमध्ये $दर = 18 अशी ओळ आहे (इथे $दर हे व्हेरिएबल, म्हणजे किंमत धरून ठेवणारं नाव) आणि खाली ‘बिल’ नावाचा क्लास, म्हणजे माहिती आणि तिच्यावरच्या क्रिया एकत्र बांधणारा साचा. ही फाइल एका फंक्शनच्या, म्हणजे नाव दिलेल्या कोडच्या तुकड्याच्या, आत इन्क्लूड केली, तर $दर त्या फंक्शनपुरताच राहतो. फंक्शन संपलं की तोही गेला. क्लास मात्र तिथून पुढे सगळ्या प्रोग्रामला दिसतो. दोघं आले एकाच ओळीने, तरी असं का?

कारण ती फाइल वेगळी कंपाइल होते, आणि तेही प्रोग्राम चालताना त्या ओळीशी पोहोचल्यावर. क्लास आणि फंक्शनं यांची नोंद सामाईक तक्त्यांत होते; एका रिक्वेस्टभर, म्हणजे पानाची एक मागणी पुरी होईपर्यंत, ते तक्ते सगळ्यांचे एकच असतात. लोकल, म्हणजे फंक्शनपुरत्या, व्हेरिएबलची तऱ्हा निराळी, आणि मला हाच भाग सगळ्यात सुंदर वाटतो. फंक्शन कंपाइल होतानाच त्यातल्या प्रत्येक व्हेरिएबलला क्रमांकाचा खण मिळतो. बाहेरून आलेल्या फाइलला ते क्रमांक कुठून ठाऊक असणार? तिच्याकडे फक्त नावं. म्हणून पीएचपीचं इंजिन ऐन वेळी नावांचा तक्ता उभा करतं आणि त्यातून दोन्हीकडचे खण जोडून देतं. फाइलने $दर बदलला, तर परतल्यावर फंक्शनला बदललेलीच किंमत दिसते.

तीच फाइल दुसऱ्यांदा इन्क्लूड केली की ‘बिल’ आधीच नोंदलेला असल्याने फेटल एरर, म्हणजे प्रोग्राम तिथेच थांबवणारी चूक, येते. यावर तोडगा म्हणून लोक ताईत बांधावा तसं सगळीकडे रिक्वायर_वन्स, म्हणजे फाइल एकदाच घेणारी आज्ञा, लिहितात. त्याने क्लासचं भांडण मिटतं, पण दुसऱ्या फंक्शनात ती फाइल पुन्हा चालतच नाही, आणि तिथे $दर जन्मालाच येत नाही. ताईतापेक्षा क्लास आणि $दरसारखी सेटिंग वेगवेगळ्या फाइलींत ठेवावीत. सेटिंगच्या फाइलने रिटर्नने ॲरे, म्हणजे किमतींची यादी, परत करावा.

वर्डप्रेस या पीएचपीतल्या वेबसाइट-प्रणालीसाठी थीम, म्हणजे साइटचं रूप, बनवणाऱ्यांनाही व्हेरिएबलचं हे फंक्शनपुरतं असणंच भोवायचं. तिथे गेट_टेम्प्लेट_पार्ट या फंक्शनने बोलावलेली फाइल दुसऱ्याच एका फंक्शनच्या आत लोड होते, त्यामुळे आपल्या फाइलमधलं साधं व्हेरिएबल तिथवर पोहोचत नाही. 2020 मधल्या 5.5 आवृत्तीपासून त्यासाठी गेट_टेम्प्लेट_पार्टला तिसरं आर्ग्युमेंट, म्हणजे हाती द्यायच्या माहितीची जागा, मिळालं: हवी ती माहिती ॲरेत भरून सरळ हाती द्यायची.