क्षेत्र अभ्यास : गोव्यातील गौण विषय

जगातील एखाद्या भूभागाच्या भाषा, धर्म, समाज आणि इतिहास यांचा एकत्रित अभ्यास. पदवीच्या मुख्य विषयाबरोबर तो गौण विषय (मायनर) म्हणून घेता येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ मधील आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीच्या १२० श्रेयांकांपैकी २४, तर चार वर्षांच्या १६० पैकी ३२ श्रेयांक गौण विषयासाठी आहेत.

या ज्ञानशाखेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. बहुतेक संदर्भग्रंथ ती दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत सुरू झाली असे मानतात. तेथील १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्याने परकीय भाषा व प्रदेश यांच्या अभ्यासकेंद्रांना सरकारी पैसा मिळाला. दुसरे मत तिची मुळे वसाहतकालीन प्राच्यविद्येत, म्हणजे युरोपीयांनी केलेल्या पूर्वेकडील देशांच्या अभ्यासात, शोधते आणि पॅरिसमधील प्राच्य भाषांची शाळा (१७९५) व लंडनमधील स्कूल ऑफ ओरिएंटल स्टडीज (१९१६) यांकडे बोट दाखवते. हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. गोव्यातील पुरावा तर त्याहूनही मागे जातो.

जुन्या गोव्यात १५४१ च्या सुमारास स्थापन झालेल्या आणि पुढे जेझुइट या ख्रिस्ती धर्मप्रचारक संघाकडे आलेल्या सेंट पॉल कॉलेजात आशिया-आफ्रिकेतील निरनिराळ्या देशांचे विद्यार्थी होते. १५४८ मध्ये आन्जिरो हा जपानी गृहस्थ तेथे आला व बाप्तिस्मा घेऊन पावलू द सांता फे झाला. कॉलेजचे प्रमुख निकोलाउ लान्चिलॉतो यांनी त्याला जपानचे राज्य, धर्म, मठ आणि चालीरीती विचारून लेखी वृत्तांत तयार केला. फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये आन्जिरोसह कागोशिमाला पोहोचले, त्यापूर्वीचे हे काम. आन्जिरो बौद्ध शास्त्रांचा जाणकार नव्हता, त्यामुळे वृत्तांतातील धर्मविषयक भाग कच्चा राहिला व झेवियर यांना जपानमध्ये गेल्यावर आपल्या समजुती बदलाव्या लागल्या. एका माहितगारावर विसंबण्याचा धोका यातून दिसतो आणि आजच्या विद्यार्थ्यालाही तो टळलेला नाही. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स यांनी इथली भाषा आत्मसात करून मराठीत क्रिस्तपुराण रचले (१६१६). त्यांचे कोंकणी व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये रायतूर येथे छापले गेले. या सर्वांमागचा हेतू धर्मप्रसाराचा होता. म्हणून या कामाला आधुनिक क्षेत्र अभ्यास न म्हणता त्याची पूर्वपीठिका म्हणणे सयुक्तिक ठरेल.

उलट दिशेचे उदाहरण साखवाळच्या धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांचे. श्रीलंका व ब्रह्मदेशात पाली आणि बौद्ध धर्म शिकून ते पुढे हार्वर्ड व लेनिनग्राड येथे गेले. मराठी वाचकांना त्यांच्या बौद्ध धर्मविषयक ग्रंथांचा परिचय आहेच.

ताळगाव पठारावरील गोवा विद्यापीठ १९८५ मध्ये सुरू झाले. तेथे पोर्तुगीज व ल्युझोफोन अभ्यासाचा विभाग आहे. लॅटिन अमेरिकेच्या अभ्यासाचे केंद्रही विद्यापीठाने चालवले. ल्युझोफोन प्रदेश म्हणजे पोर्तुगाल, ब्राझील, अंगोला, मोझांबिक, केप व्हर्दे, गिनी-बिसाऊ, साओ तोमे व प्रिन्सिपे, पूर्व तिमोर इत्यादी पोर्तुगीजभाषक देश. मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्यातूनच चाले. त्यामुळे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याचा इतिहास वाचू पाहणाऱ्याला पणजीच्या पुराभिलेखागारातील कागदपत्रे टाळता येत नाहीत. तेथील सर्वांत प्रसिद्ध संग्रह म्हणजे लिस्बन व गोवा यांच्यातील पत्रव्यवहाराचा, 'मान्सूनची पुस्तके' या नावाने ओळखला जाणारा.

याच दप्तरखान्याचे प्रमुख पांडुरंग पिसुर्लेकर (१८९४–१९६९) यांनी पोर्तुगीज कागदपत्रांतून मराठ्यांच्या राजकारणाची साधने उजेडात आणली. त्यांचा आदर्श पुढे ठेवला, तर केवळ बोलण्यापुरती पोर्तुगीज शिकवणारा गौण विषय अपुरा ठरतो. सोळाव्या-सतराव्या शतकांतील हस्ताक्षरे वाचण्याचा सराव हवा. मराठी व कोंकणी विद्यार्थ्याने मोडीही शिकावी, कारण गावकऱ्यांचे व देवस्थानांचे जुने व्यवहार पोर्तुगीज दप्तरांबरोबर मोडी कागदांतही नोंदलेले आहेत. एका सत्राच्या चार श्रेयांकांत, म्हणजे व्याख्यानांच्या सुमारे साठ तासांत, यांपैकी फार तर एकच लिपी हाती येते.

पर्वरीचे झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च आणि १८३२ मध्ये स्थापन झालेले पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय ही या अभ्यासाची इतर साधनस्थाने होत.